अण्णा, तुमचा खर्च मी करत होते

प्रिय अण्णा,

आज दुपारी ऑफिसच्या कँटीनमध्ये मी चारचौघांत म्हणाले, "माझ्या वडिलांचा निम्मा खर्च मी करत होते." तुम्हाला जाऊन चार महिने झाले. तुम्हाला सांगायची सवय अजून मोडलेली नाही, म्हणून घरी जाताना एमआरटीच्या गाडीत बसून लिहितेय. तुमच्या जावयाची नोकरी जुरोंग आयलंडला, म्हणून घर बुकित बातोकला आणि माझं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, चांगीला. पत्राला वेळ भरपूर आहे!

विषय काढला मेलिंगने. ती माझ्या शेजारी बसते. तिच्या आईला नर्सिंग होममध्ये ठेवायचंय. तिघा भावंडांनी एकत्र बसून कोण किती देणार ते अर्ध्या तासात ठरवलं म्हणे. मला विचारते, तुमच्यात कसं करतात? मी म्हटलं, आमच्यात बाप लेकीचे पैसे घेत नाही. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"व्हाय? डॉटर मनी नॉट मनी, मेह?"

लेकीचे पैसे म्हणजे पैसे नाहीत होय? तेव्हाच ते वाक्य तोंडून निघालं, अण्णा.

तुम्ही आणि आई पहिल्यांदा इथे आलात ते आठवतं? इरा झाली नव्हती तेव्हा. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, म्हणून बॅगेतून पाच किलो आंबेमोहर आणि तूरडाळ घेऊन आलात! मी विचारलं, मग पाण्याचं काय? आई शांतपणे म्हणाली, "पाणी सरकारचं आहे." इरा झाल्यावर शिधा बंद झाला, पण पैशांचा नियम काही सुटला नाही.

मग आई गेली. वर्षभरात तुम्ही पडलात आणि खुबा मोडला. धाकट्या नितीनचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तो आणि त्याची बायको दोघंही नोकरीवर. इथे आणावं तर तुमच्या वयाला कोणी विमा देईना, आणि परदेशी माणसाला इथल्या हॉस्पिटलात सवलत नाही. एका ऑपरेशनमध्ये आम्ही धुऊन निघालो असतो. तळेगावजवळचा तो वृद्धनिवास तुम्हीच पसंत केलात. रॅम्प होते, रात्रंदिवस नर्स होती, आणि जेवण आईइतकं नाही तरी बरं होतं.

फंडाचं व्याज आणि तुमच्या चिंचवडच्या फ्लॅटचं भाडं मिळून निम्मा खर्च भागायचा. मी म्हटलं, फ्लॅट विकू. तुम्ही म्हणालात, "तो नितीनचा आहे." बरं, मग उरलेलं मी देते. "लेकीच्या पैशांवर जगायची वेळ अजून आली नाही माझ्यावर!" आणि वॉकर घेऊन नितीनचे तीन मजले चढायला निघालात!

फार राग आला होता मला. फ्लॅट मुलाचा, मान मुलाचा, मग मी कोण? ओव्हरटाइम करकरून मला इंजिनिअर कुणी केलं?

मग आम्ही भावंडांनी लबाडी केली. मी पैसे नितीनला पाठवायचे, त्याने आपल्या नावाने तिथे भरायचे. तो म्हणायचा, "ताई, लाज वाटते गं मला." मी म्हणायचे, गप बस, आधी ते चालायला लागू देत. दीड वर्ष हे चाललं. दर फोनवर तुमचं एकच, "नितीनने मला राजासारखं ठेवलंय." मी "हो ना" म्हणायचे आणि फोन ठेवून भांडी आपटायचे.

पण तुम्ही लेथवरचे टर्नर! सूतभर फरक नुसत्या नजरेने ओळखणारे. नितीनची कंपनी बंद पडली, तीन महिने त्याला पगार नव्हता, तरी तुमचे पैसे वेळेवर भरले जात होते. एका रविवारी सकाळी तुमचा फोन आला.

"वैशाली, इथले पैसे कोण भरतंय?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, "मी. पहिल्यापासून."

तुम्ही फोन ठेवून दिलात. आठ दिवस उचलला नाहीत. नितीन म्हणाला, अण्णांनी बॅग काढून खाटेवर ठेवलीय. मला वाटलं, संपलं. आता हे जिने चढणार आणि पुन्हा पडणार. मी तिकीट बघायला लागले.

नवव्या दिवशी तिथल्या मॅनेजरबाईंचा फोन आला. "मॅडम, तुमच्या पासपोर्टची कॉपी पाठवा. जबाबदार व्यक्ती म्हणून सरांनी तुमचं नाव घालायला सांगितलंय. मी म्हटलं, मुलाचंच राहू दे, ते जवळ असतात. तर म्हणाले, जी बघते तिचं लिहा."

मग त्यांनीच पुढचं सांगितलं. जेवणाच्या वेळी तुम्ही वॉकर टेकत एकेका टेबलापाशी गेलात म्हणे. "दीड वर्ष मी चुकीचं सांगत होतो. मला माझी लेक बघते." कुणीतरी आजोबा पचकले, "लेकीचं घेता?" त्यावर तुम्ही म्हणालात, "कॉलेजने ती लेक आहे म्हणून फी कमी घेतली नव्हती!"

ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले मी, अण्णा. इतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. माझा नाही हो, तुमचा! सत्तर वर्षं मनात घट्ट बसलेली गोष्ट त्या वयात आठ दिवसांत उपटून काढलीत, आणि तीही चारचौघांत. भले भले नाही करत.

मला मात्र एका शब्दाने बोलला नाहीत. पुढच्या फोनवर काय, तर "तिकडे पाऊस आहे का?" अहो, एकदा मलाही म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?

परवा इरा मला इथल्या इंग्रजीत म्हणाली, "आई, व्हेन यू ओल्ड, आय पे लाह." आठ वर्षांची आहे! माझ्या तोंडावर आलं होतं, "नको गं राणी, तुझं कशाला?" जीभ चावली मी.

म्हणून तुम्हाला शब्द देते. माझी वेळ येईल तेव्हा लेकीने दिलेलं मी दोन्ही हातांनी घेईन. आणि मला कोण बघतं, हे सगळ्यांच्या आधी तिला सांगेन.

तुमची,
तुम्हाला बघणारी,
वैशाली