एडमंड नावाचा नातू

२८ एप्रिल १९५८, सोमवार
माझ्या एकुलत्या नातवाचे नाव म्हणे गॅरी ठेवणार. गॅरी! अमेरिकेतील पोलादाच्या एका गावाचे नाव, कोण्या नटाने स्वतःला लावलेले. आमच्या घराण्यात चार पिढ्या थोरला मुलगा एडमंडच. मला मुलगा नाही. म्हणजे हे नाव माझ्याबरोबरच मातीत जाणार. मुरिएलला शांतपणे समजावले. “डॅडी, किंचाळू नका, बाळ उठेल,” म्हणाली. माझी मुलगी! मी किंचाळत नव्हतो. उच्चार स्पष्ट करीत होतो.

३ मे
जावई डेनिस फ्रिज विकतो. विचारतो, “एडमंड म्हणजे काय हो?” सांगितले: ‘एड’ म्हणजे समृद्धी, ‘मंड’ म्हणजे रक्षणकर्ता. “म्हणजे बँकेचा वॉचमन की!” चहा टाकून उठलो. बिस्किट घेतले.

६ मे
न्याय झाला. मुरिएलने मलाच धर्मपिता नेमले. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्री नाव विचारतो. धर्मपिता उच्चारेल तेच नाव. पाणी पडले की विषय संपला. मी एडमंड म्हणणार. हिल्डा म्हणाली, “नेड, चारचौघांत वेडेपणा करू नकोस हं.” लग्नापासून या बायकोने एडमंडचे नेड करून टाकले आहे.

१० मे
नुसते नाव फेकणे असंस्कृतपणाचे. प्रस्तावना हवी. प्रथम अर्थ, मग थोर एडमंड: बाणांनी विद्ध होऊनही धर्म न सोडणारा आमच्या सफोकचा राजा, धूमकेतूचे भाकीत करणारे हॅली, एव्हरेस्टवीर हिलरी. नाव अर्थातच अखेरीस. काटछाट अशक्य. मुरिएल तासभर दार ठोठावत होती. उघडले नाही.

११ मे, संध्याकाळ
पाद्री पिमलॉट यांनी नाव विचारले. मी आरंभ केला. राजाला बाण लागेपर्यंत सारे तल्लीन होते. धूमकेतूपाशी बाळाने टाहो फोडला. “साहेब, नाव तेवढं!” पिमलॉट पुटपुटले. येतेच आहे, म्हटले. एव्हरेस्ट अर्धे चढून झाले होते, तोच मुरिएल ओरडली, “गॅरी!” आणि पाणी पडले.

घरी केक. मुरिएलच्या लग्नातल्या केकचा वरचा मजला, प्रथेप्रमाणे पहिल्या बाळासाठी राखलेला. त्यावर हिल्डाने साखरेने लिहिले होते: गॅरी एडमंड.

“दोन्ही नावं तुमच्याच तोंडून यावीत म्हणून तर तुम्हाला उभं केलं होतं,” मुरिएल रडत म्हणाली. “काल तेच सांगायला आले होते, डॅडी. आज घाईत एकच निघालं तोंडातून.”

हिल्डाने सुरी फिरवली. माझ्या बशीत नेमका उत्तरार्ध आला.

“खा, एडमंड,” ती म्हणाली.

खाल्ला. बदामाच्या मार्झिपॅनचा थर प्रमाणाबाहेर जाड.