रकाना सातवा : इतर

१ जून
आजपासून मी संशोधक. बावीस वर्षं पाचवी-सहावीला गणित शिकवलं, पुरे झालं. कार्डावर छापलंय : कार्यक्रम मूल्यमापक. म्हणजे शाळांमधल्या नव्या योजनांचा खरंच उपयोग होतो का, हे मोजणारा माणूस. आजवर मुलांना मार्क दिले, आता योजनांना देणार.

निरोपाच्या भाषणात अख्ख्या स्टाफरूमसमोर सांगून आलोय की या हाताने पुन्हा खडू धरणार नाही. टाळ्या पडल्या. हेडबाईंनी राजीनामा मात्र घेतला नाही, वर्षभराची बिनपगारी रजा लिहून घेतली. म्हणाल्या, असू द्या सर, कागदाला काय होतंय. त्यांचं मन राखायला सही केली.

बायको त्याच शाळेत भाषा शिकवते. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. हातात वह्यांचा गठ्ठा होता म्हणे.

संकल्प : एक, खडू बंद. दोन, कोणालाही ‘गप्प बसा’ म्हणायचं नाही. तीन, ऑफिसात आलेल्या कागदांवर लाल पेन चालवायचा नाही.

४ जून
काम समजलं. एका बाईंनी अपूर्णांक शिकवण्यासाठी लाकडी तुकड्यांची पेटी बनवली आहे. चिठ्ठ्या टाकून आठ शाळा निवडल्या. चार शाळांना पेटी, चार शाळांना काहीच नाही. डिसेंबरात आठही शाळांत एकच परीक्षा. पेटीवाल्या शाळा पुढे गेल्या तर पेटी सगळीकडे जाणार, नाहीतर गुंडाळणार. माझ्या वाट्याला बिनपेटीच्या चार शाळा. शेवटच्या बाकावर बसायचं आणि वर्गात काय चाललंय ते बघून दर तीन मिनिटांनी फॉर्मवर एक खूण करायची. सात रकाने. पहिला ‘शिक्षक बोलतात’, दुसरा ‘मुले बोलतात’ असं करत करत सातवा ‘इतर’.

आमच्या साहेबांना सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. वय चौतीस. वर्गावर एक दिवस उभे राहिलेले नाहीत. मला म्हणाले, सर, तुम्ही वर्गात नाहीच आहात असं समजा. तुम्ही भिंत. मी म्हटलं, समजायचं कशाला, झालोच. अहवाल मंजूर झाला की नोकरी कायम.

७ जुलै
पहिली शाळा. शिक्षक नवे, तब्येतीने काटक, आवाज छान. फळ्यावर लिहिलं : एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली. चाळीस मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं.

मी भिंत. अकरा मिनिटं भिंत, घड्याळ लावून. एवढा वेळ मी झोपेतही गप्प नसतो, असं बायकोचं म्हणणं आहे.

मग फळा नीट दिसेना म्हणून जरा पुढे गेलो. पुढे गेल्यावर तो दोन छेद पाच आणखीच स्पष्ट दिसला. त्यानंतरचं फार लिहिण्यासारखं नाही. रकाना सातवा, इतर : दहा खुणा.

खडू मी मागितलेला नाही. शिक्षकांनी हातात दिला. दिलेली वस्तू नाकारणं बरं दिसत नाही.

१० जुलै
बायकोला धुवायच्या पँटच्या खिशात खडू सापडला. म्हटलं, नमुना आहे. शाळेतल्या साधनांचा दर्जा बघावा लागतो. तिने विचारलं, आणि राखाडी पँटमधले दोन? म्हटलं, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढत नाहीत.

२ ऑगस्ट
तिसऱ्या शाळेत बाईंना ऑफिसातून बोलावणं आलं, कसलेसे तक्ते भरायला. वर्गात अडतीस मुलं आणि मी. बाईंशिवायच्या वर्गात निरीक्षण कशाचं करणार? तेव्हा निरीक्षणाला विषय मिळावा एवढ्याचसाठी उभा राहिलो.

अपूर्णांकांचा ताळा घेतला. हल्ली ताळा कोणी करतच नाही. उत्तर आलं की पोरं पेन टाकून मोकळी. म्हटलं, पाच छेद सहा आले ना, त्यातून एक छेद तीन वजा करून बघा, एक छेद दोन परत मिळतो का. मिळाला की उत्तराखाली दोन रेघा, शेजारी चौकट आणि चौकटीत ‘ताळा जमला’. चौकटीचा उजवा कोपरा उघडा ठेवायचा. शंका आली तर परत आत शिरता आलं पाहिजे. ही माझ्या वडिलांची पद्धत. ते दुकानात हिशेब लिहीत.

खिडकीजवळची एक मुलगी जूनपासून फळ्याकडे बघत नाही, असं बाईंनी आधीच सांगितलं होतं. तिने ताळा केला, पुन्हा केला, मग शेजारणीचाही करून दिला. मला फार बरं वाटलं. संशोधक म्हणून.

१९ सप्टेंबर
चारही शाळांनी वेळापत्रकं बदलली. मी ज्या दिवशी जातो त्या दिवशी तिथे गणिताचे जोडतास. काल एका मुख्याध्यापकांचा फोन, सर, या आठवड्यात जमत नसेल तर आधी कळवा, मुलं वाट बघतात. याला आमच्या क्षेत्रात रॅपो म्हणतात. तो सगळ्यांना जमत नाही.

दुसऱ्या शाळेतल्या बाई माझ्या तासाला मागे बसून वह्या तपासतात. काल त्या माझ्या जागेवर बसल्या होत्या. खपवून घेतलं.

१४ ऑक्टोबर
डॉक्टरांनी बोलावलं. विचारलं, सर, तुमच्या फॉर्मवर ‘इतर’ सत्तर टक्के कसं? मी म्हटलं, तुमचे पहिले सहा रकाने अपुरे आहेत. प्रत्यक्ष वर्ग फार गुंतागुंतीचा असतो, तो बघावा लागतो. त्यांनी फॉर्म मिटून ठेवले.

शिवाय त्यांनी पाठवलेल्या मसुद्यात ‘अपुर्णांक’ सात ठिकाणी. लाल पेनाने गोल करून परत पाठवला. खाली ‘पाच वेळा लिहिणे’ असं नकळत गेलं. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस.

संकल्प तीन स्थगित. रद्द नाही.

८ नोव्हेंबर
हेडबाईंचा निरोप बायकोमार्फत : पुढच्या वर्षीची आखणी सुरू आहे, परतणार असाल तर सांगा. मी म्हटलं, त्यांना सांग, सुटलेला बाण आहे. बायको म्हणाली, अहो, बाणाला रजेचा अर्ज करायला लागत नाही.

ताबडतोब राजीनामा लिहिला. चांगला उतरला आहे. कपाटात ठेवलाय. अशा गोष्टींना वेळ साधावी लागते.

११ जानेवारी
निकाल. पेटीवाल्या शाळा : शंभरात सरासरी बावन्न. माझ्या बिनपेटीच्या शाळा : एकाहत्तर.

डॉक्टरांनी आकडे तीनदा तपासून घेतले. मी शांत होतो. आकड्यांना भावना नसतात. चहा मात्र दोन कप घेतला.

१३ जानेवारी
उत्तरपत्रिकांचे आकडे कॉम्प्युटरवर चढवणारी ताई आहे. बोलते कमी, बघते जास्त. आज तिने चार पेपर माझ्यासमोर ठेवले. चार वेगळ्या शाळा. प्रत्येक उत्तराखाली दोन रेघा, शेजारी चौकट, ‘ताळा जमला’. चौकटीचा उजवा कोपरा उघडा.

ताई म्हणाली, हे बिनपेटीच्या सगळ्या शाळांत आहे, पेटीच्या एकाही शाळेत नाही. हे कुठून आलं असेल, सर?

अंगावर काटा आला. मी म्हटलं, ताई, हाच तर खरा प्रश्न आहे.

१७ जानेवारी
उत्तर सापडलं. साधन मिळालं की मूल साधनावर विसंबतं. साधन दिलंच नाही तर त्याच्यात स्वतःला तपासून बघण्याची वृत्ती आपोआप जागी होते. चार शाळा, एकमेकींशी संबंध नाही, तरी तीच चौकट. निबंधाचं नाव ठरलं : ‘साधनाभावी ताळ्याची स्वयंभू प्रवृत्ती’. मार्चच्या बैठकीत सादर करणार. ताईला सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी.

बायकोलाही सांगितलं. ती म्हणाली, कोपरा उघडा? मी म्हटलं, हो, तेच तर विलक्षण. ती उठून कपडे वाळत घालायला गेली.

२० फेब्रुवारी
पेटीवाल्या बाई ऑफिसात आल्या होत्या. त्याही आधी शिक्षिका, अठरा वर्षं. दहा वर्षं खपून पेटी केली, तुकडे स्वतः घासले. अहवाल असाच गेला तर पेटी बंद. मला विचारलं, तुम्ही इतके वर्ग पाहिलेत, माझं नेमकं कुठे चुकलं ते सांगा, म्हणजे मी सुधारेन. बोलताना हातात ‘एक छेद तीन’चा तुकडा धरला होता. कडा गुळगुळीत झालेल्या.

मी म्हटलं, बाई, विज्ञान कोणाची भीड ठेवत नाही. त्या हो म्हणाल्या आणि तुकडा पर्समध्ये ठेवला.

मला वाईट वाटलं. दिवसभर वाटत राहिलं. जेवणही गेलं नाही. पण आकडे माझे नाहीत, मी नुसता मोजणारा. मी मागे हटणार नाही.

१२ मार्च
बैठक. जुन्या प्रशिक्षण केंद्राचा हॉल, समोर हिरवा फळा. डॉक्टर, पेटीचा खर्च करणाऱ्या संस्थेची चार माणसं, पेटीवाल्या बाई, ताई. माझ्या स्लाइडवर एका पोराच्या पेपराचा मोठा फोटो. वीस मिनिटं बोललो. उत्तम झालं.

मग पेटीवाल्या बाईंनी हात वर केला. म्हणाल्या, स्क्रीनवर नीट लागत नाही, मुलांनी नेमकं कसं केलंय ते फळ्यावर दाखवाल का?

कोणी न समजल्याचं सांगितलं की माझ्याने राहवत नाही. फळ्याजवळ खडू नव्हता. खिशातून काढला. एक छेद दोन अधिक एक छेद तीन. समच्छेद केला. पाच छेद सहा. खाली दोन रेघा. वजाबाकी करून दाखवली, चौकट काढली, आत लिहिलं, ‘ताळा जमला’. हात झटकले, वळलो आणि विचारलं, समजलं का सगळ्यांना? मागचे?

सगळे एकदा फळ्याकडे बघत होते, एकदा स्क्रीनकडे. मीही बघितलं. उजवा कोपरा दोन्हीकडे उघडा होता.

खडू कुठे ठेवावा ते कळेना. खिशातच ठेवला.

डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले, सर, किती तास घेतलेत तुम्ही?

मोजले नाहीत, असं सांगता आलं असतं. ते ओठावर आलंही होतं. पण पेटीवाल्या बाई माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. चुकलेलं उत्तर आपण होऊन खोडायची संधी मुलाला द्यावी, तसं. मी म्हटलं, एकसष्ट.

१३ मार्च
माफी मागितलेली नाही. आकडा सांगितला, तो खरा होता. दोन छेद पाच बघून जो गप्प बसतो त्याने खुशाल संशोधन करावं. डॉक्टरांना तसं लिहून कळवलं आहे.

आजारी नाही. नुसता आडवा पडलो होतो.

२८ एप्रिल
अहवाल आला. वर्षभराचं माझं काम पान चव्वेचाळीसच्या तळटीपेत आहे : ‘चार शाळांची माहिती निरीक्षकाच्या हस्तक्षेपामुळे वगळली.’ पेटीची चाचणी नव्या शाळा घेऊन पुन्हा होणार. म्हणजे पेटीला आणखी एक वर्ष मिळालं. हे ऐकून बरं वाटलं, कुणापाशी बोललो नाही. माझी नोकरी कायम झाली नाही.

अहवालात ‘हस्तक्षेप’ची जोडाक्षरं बरोबर आहेत. डॉक्टर सुधारले.

३१ मे
शाळेत गेलो. निव्वळ हेडबाईंना भेटायला. त्यांच्या टेबलावर जूनचं वेळापत्रक होतं, सहावी ब, गणित, पुढे माझं नाव. शाईवरून वाटलं, आजचं नाही. विचारलं तर म्हणाल्या, नोव्हेंबरातच लिहिलं होतं. तुमची बायको म्हणाली, लिहून ठेवा.

कपाटातला राजीनामा फाडला नाही. पाठकोरा आहे, उपयोगी पडेल.

स्टाफरूमला सांगणार आहे की मी परत आलेलो नाही. वर्गात एक संशोधक दाखल झाला आहे. पोरांना बोलू देणार, स्वतः कमी बोलणार. वर्ग कसा चालतो ते मी वर्षभर शेवटच्या बाकावरून पाहिलंय. असा शिक्षक या शाळेत दुसरा नाही.

१७ जून
पेटीच्या नव्या चाचणीत आमची शाळा चिठ्ठीत निघाली. बिनपेटीची. आज निरीक्षक आली. पोरगेलीच आहे, गेल्या वर्षापर्यंत स्वतः शिकवत होती. शेवटच्या बाकावर बसली.

तिला चांगलं काही बघायला मिळावं म्हणून तयारीने गेलो होतो. चाळीस मिनिटं अपूर्णांक. मध्येच मुद्दाम फळ्यावर दोन छेद पाच लिहिला आणि मागे बघितलं. जागची हलली नाही. पुसून परत लिहिला, मोठ्या अक्षरात. नाही. मान खाली, एक खूण.

तास संपल्यावर फॉर्म बघायला मागितला. दाखवता येत नाही म्हणाली, पण हाताखालून दिसलं. तेराच्या तेरा खुणा पहिल्या रकान्यात, ‘शिक्षक बोलतात’. ‘मुले बोलतात’ कोरा. ‘इतर’ कोरा.

फॉर्ममध्येच मुळात दोष आहे, हे तिला तिथेच उभं राहून समजावून सांगितलं. पोरं दप्तरं घेऊन उभी होती, त्यांनाही थांबवलं, ऐकण्यासारखं होतं म्हणून. अकरा मिनिटं लागली. तिने ऐकून घेतलं आणि घड्याळ बघत आणखी तीन खुणा केल्या. त्याच रकान्यात.