ढवळूच्या पाठीवरचा चीक

६ मे, सोमवार. सकाळी ८
दवाखान्यातल्या मीना सिस्टर आठवडाभर ट्रेनिंगला नाशिकला गेल्या. जाताना कुत्रा माझ्याकडे सोपवला. अख्ख्या जव्हारात एवढी माणसं असताना माझ्याकडे. यातून काय समजायचं ते मी समजलो आहे.
नाव ढवळू. पांढराशुभ्र, लांब केसांचा. सिस्टर म्हणाल्या, तुम्हाला काय, सुट्टीच आहे ना सर. किती बारीक लक्ष असतं त्यांचं.
संकल्प: रविवारी त्या परतल्या की लग्नाचा विषय काढायचा. वय चौतीस. आता लांबवण्यात अर्थ नाही. तोवर ढवळू चकाचक ठेवायचा.

७ मे, मंगळवार
शेजारच्या धोंडीबाईने फणस दिला. ही बाई सगळ्यांना अरे-तुरे करते, उद्या कलेक्टर आला तरी करेल. म्हणाली, कापायच्या आधी हाताला न् कोयत्याला तेल लाव, नाहीतर चीक सोडायचा नाही. तिला सांगितलं, मी अकरा वर्षं विज्ञान शिकवतो.
तेलाशिवाय कापला. गरे उत्तम. हाताला किरकोळ चीक.
दुपारी ४. ढवळूच्या पाठीवर चीक. धोंडीबाईच्या फणसाखाली लोळला असणार. दुसरं काय.

८ मे, बुधवार
शाम्पूचे तीन सॅशे, दोन बादल्या गरम पाणी. ढवळूपेक्षा मीच जास्त भिजलो. चीक जागेवरून हलला नाही, उलट केसांच्या गाठी घट्ट झाल्या. धोंडीबाई कुंपणापलीकडून म्हणाली, तेल लाव. चिकटावर तेल म्हणजे आणखी चिकट, हे आठवीच्या पोरालाही कळतं. हिला कोण समजावणार.
संध्याकाळी सिस्टरांचा फोन. ढवळू कसाय? मजेत, म्हटलं. खोटं नाही. जेवला होता.

९ मे, गुरुवार
नवी थिअरी: चीक गोठवला की कडक होऊन तुटतो. रसवंतीवाल्याकडून बर्फ आणला. निम्मा ढवळूने खाल्ला, उरलेला पाठीवर धरला. चीक होता तसाच. ढवळूला शिंका.
रॉकेलही सुचलं होतं. पण तो अंग चाटतो, म्हणून रद्द. इतका विचार कोण करतं दुसऱ्याच्या कुत्र्याचा?
धोंडीबाई पुन्हा तेलावर आली. मी मोबाइल कानाला लावून आत गेलो. फोन कुणाचाच नव्हता.

१० मे, शुक्रवार
निर्णायक पाऊल. कात्री. फक्त चीक लागलेले केस कापायचे, एक जास्त नाही. दोन तास लागले. काम इतकं अचूक झालं की स्वतःचंच कौतुक वाटलं. चीक गेला. शेपटीला थोडा आहे, तो दिसत नाही.
धोंडीबाईने ढवळूला वरून पाहिलं, बाजूने पाहिलं आणि पदर तोंडाला लावून बसली. म्हणाली, आमच्या फणसाला अजून बोटं फुटली नाहीत रे मास्तर. अर्थ लागला नाही. लावायचाही नाही.

११ मे, शनिवार
ढवळूला फिरवायला बाजारात नेलं. चहावाला सुदेश म्हणाला, सर, तुम्ही सरकारी पगार घेता, आचारसंहिता चालूय, कुत्र्याच्या पाठीवर पंजा घेऊन कुठं हिंडता? झाकून ठेवा. सगळं दुकान हसलं. चहा अर्धा टाकून आलो.
घरी येऊन ढवळूवर पावडर टाकली. मग माझा गंजी घातला. गंजी त्याने खाल्ला.
उद्यासाठी कारणं: (१) उष्णता. (२) कसलीतरी ॲलर्जी. (३) झाडाखाली लोळला. तिसरं बरं वाटतं. झाड काही बोलायला येणार नाही.

१२ मे, रविवार. रात्री
आज मीना सिस्टरांनी स्वतःहून माझा हात हातात घेतला.
अकराच्या गाडीने आल्या. ढवळू धावत गेला. मी लगेच तिसरं कारण सांगितलं. त्या ढवळूच्या पाठीकडे बघत राहिल्या. त्यावर आपला तळवा ठेवला, लहान पडला. मग माझा हात धरला, तिथे नेऊन टेकवला. बरोब्बर बसला. अंगठ्यासकट.
आता इथे लिहायला हरकत नाही. मंगळवारी फणस कापत होतो तेव्हा तो शेपटी हलवत आला. माझ्याकडे इतक्या आनंदाने कुणी येत नाही. मी थोपटलं. हात चिकटला, उपटताना केस ओढले गेले, तो ओरडला. आणि तरी परत येऊन मांडीला टेकला. फार वाईट वाटलं होतं.
हे सिस्टरांना सांगायला हवं होतं. मी दुसऱ्या कारणावर गेलो, ॲलर्जी म्हणालो.
त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, पुढच्या ट्रेनिंगला ढवळू धोंडीबाईकडे ठेवते, आताही तिलाच विचारलं होतं, पण ती पोशेऱ्याला लग्नाला जाणार होती. ते लग्न नंतर पुढे गेलं.
धोंडीबाई वाटीत गोडंतेल घेऊन आली. शेपटीचा चीक दोन मिनिटांत सुटला. लग्नाचा विषय निघाला तो पोशेऱ्याचाच.
सिस्टर ढवळूला घेऊन गेल्या. धोंडीबाईने उरलेली वाटी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, आता तुझे हात आण. मंगळवारपासून बोटांना चीक होता. तोही निघाला.