कॅलेंडरावरचे डोळे

४ जानेवारी १९७६, रविवार
अनंतभावजींनी गेल्या वर्षीची देवांची कॅलेंडरं मागितली. मी ती विसर्जनासाठी काढून ठेवली होती. पण धाकटे दीर, चित्रकलेचे मास्तर – नाही कसं म्हणायचं? दिली. वर्षभराची रद्दीही दिली.

७ जानेवारी
सगळ्या देवांचे डोळे कापले! मारुतीचे, दत्ताचे, लक्ष्मीचेसुद्धा. वर्तमानपत्रातल्या बातम्या कापून काढल्या, जाहिराती तेवढ्या ठेवल्या, आणि त्या भोकांमागे हे डोळे खळीनं चिकटवले. म्हटलं, काहून असं? हसले. "बातमी नाही वहिनी, पण कोणीतरी पाहून राहिलं."
खंडित देव घरात ठेवू नये. कोणाला सांगू?

११ जानेवारी, रविवार
धरमपेठेत मित्राच्या रिकाम्या गाळ्यात त्यांनी ते सगळं टांगलं. छतापासून जमिनीपर्यंत कागद, मधून वाट. वारा आला की डोळे हलायचे. एक बाई चपला काढून आत गेली. मीही काढल्या.
दाराशी साध्या कपड्यातला एक माणूस. "हे कोणाचं काम?" लोक कागद पाहत पुढे सरकले. भावजींनी नाव कुठंच लिहिलेलं नाही.
घरी आल्यावर हे माझ्यावरच चिडले. "आणीबाणी आहे. माझी सरकारी नोकरी घालवणार हा." चप्पल घालून बाहेर निघून गेले.

१२ जानेवारी
भावजींनी सगळं उतरवून गाठोडं आणलं. "वहिनी, बंबात घाला." आणि सावनेरला मित्राकडे गेले. फक्त आम्हा दोघांना सांगून.
बंब पेटवला, पण हात पुढे होईना. देव कसे जाळायचे? दुपारी फुटाळा तलावावर नेलं, नमस्कार केला, सोडलं.

१३ जानेवारी
अंजनाबाई भांडी घासायला आली ती हेच सांगत – "बाई, फुटाळ्यावर देव पाण्यातून पाहून राहिले वं!"
मीही पाहायला गेले. खळ सुटली नव्हती, गाठोडं सुटलं होतं. पानं तरंगत होती, डोळे वर. लोकांनी काही पानं काढून दगडांवर वाळत घातली, कुंकू वाहिलं. दोन शिपाई उभे. त्यांनी हात जोडले नव्हते.

१५ जानेवारी
भावजींना सावनेरहून पोलिसांनी नेलं. कुठं ठेवलं, कोणी सांगत नाही. मी जाळलं असतं तर –

१६ जानेवारी
यांच्यापुढे रडले. म्हटलं, माझ्यामुळे झालं. हे भिंतीकडे पाहत म्हणाले, "तुझ्या तलावाचा काही संबंध नाही. नाव मी रविवारीच दिलं. सावनेरही मीच सांगितलं."
मी पाट मांडला. यांना वाढलं.