मामंजींची पेटी आणि वर्षाराणीची पाठ

मी, इंदू राघवेंद्र औरादकर, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त संगीत शिक्षिका, राहणार लातूर, हा कागद माझ्या राजीखुशीने, कुणाच्याही दाबाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे. दुपारच्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून मी फक्त सकाळी लिहिते. आयुष्यभर छळले पाठीने आणि नेणार पोट, याचे मला अजून नवल वाटते.

माझे यजमान राघवेंद्र वारले. आम्हाला मूल नाही. माझे थोरले दीर दत्तोपंत औरादकर हे लातूरच्या स्वरोपासना भजनी मंडळाचे अध्यक्ष आहेत. माझ्यामागे घर औरादकरांकडेच यायला हवे, असे त्यांनी मी दवाखान्यात असताना निरोप पाठवून कळवले. त्या निरोपाला हे उत्तर समजावे.

कलम १. माझे राहते घर. हे मी माझ्या नोकरीच्या पगारातून बांधले. त्यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे घर, आतील सर्व सामानासह, मी कु. वर्षाराणी शेषेराव बिराजदार, राहणार निलंगा, हिच्या नावे करते. तिने ते ठेवावे, विकावे, भाड्याने द्यावे. मी कसलीही अट घालत नाही. घराचा उंबरठा मी काढून टाकला आहे आणि पायऱ्यांच्या जागी उतरण केली आहे. न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसवले आहेत. नातेवाईकांनी "घराची शोभा गेली" म्हणून हळहळ व्यक्त केली. शोभा कुणासाठी, हे मी त्यांना विचारले नाही.

वर्षाराणी माझी नात्याची कुणी नाही. ती शाळकरी असताना तिचे वडील शेषेराव तिला दर रविवारी निलंग्याहून एसटीने घेऊन येत. शेती करणारा माणूस, गावच्या भजनात मृदंग वाजवणारा. पहिल्या दिवशी दारातच म्हणाले, "बाई, लेकीचा हात बरा हाय म्हनतेत समदे. तुमी बगा. नसंल तर सांगा, वापस नेतो." मी वापस नेऊ दिले नाही. तिच्या बोटांत जे होते ते माझ्या बोटांत कधी नव्हते. हे मी तिला तेव्हा सांगितले नाही, आता लिहून ठेवते.

कलम २. बँकेतील ठेवी, पेन्शनची शिल्लक आणि माझे थोडेसे सोने, हेही वर्षाराणीला. तिला नळी, पिशव्या, मलमे, व्यायाम शिकवणारी बाई, हे जन्मभर लागणार आहे. हा खर्च तिच्या भावाच्या संसारावर पडू नये.

हे का लागणार आहे, ते लिहिणे भाग आहे. कोर्टात कुणी विचारले तर उत्तर माझ्याच अक्षरात असावे.

माझी स्वतःची पाठ पेटीने गेली. शाळा सुटल्यावर मी कीर्तनांना, भजनांना साथीला जात असे. औसा, उदगीर, निलंगा, अहमदपूर, सगळे एसटीने. हमाल बाईमाणसाची पेटी टपावर टाकायला कुरकुर करीत. मग मीच ती मांडीवर घेऊन बसत असे आणि उतरल्यावर खांद्याला लावून चालत असे. चाळिशी उलटल्यावर दोन मणके एकमेकांवर बसले. उजवा पाय अजून अर्धा बधिर आहे. पेटी सोड, असे मला सगळ्यांनी सांगितले: डॉक्टरांनी, यजमानांनी, मंडळानेही. पेटी हलकी करून घे, असे एकही जण म्हणाला नाही.

ते मी केले. उदगीरचे चन्नबसप्पा हे पेट्या दुरुस्त करणारे कारागीर. त्यांच्याकडे बसून आम्ही एकेक वस्तू पेटीतून बाहेर काढली. पट्टी सरकवून स्वर बदलायची सोय काढली. एका पट्टीबरोबर दुसरी दाबणारा कपलर काढला. सुरांची तिसरी ओळ काढली. सागवानाच्या जागी शिवणीचे हलके लाकूड आणले. लोखंडी कोपऱ्यांच्या खोक्याऐवजी आतून फोम लावलेली, दप्तरासारखी दोन्ही खांद्यांवर घ्यायची पिशवी शिवून घेतली आणि तिला कमरेचा पट्टा लावला, म्हणजे भार एकट्या पाठीवर येत नाही. मांडी घालता येत नाही अशांसाठी घडीची चौकी केली. पेटी निम्म्याहून हलकी झाली. आवाज थोडा पातळ झाला, हे मी लपवत नाही. मांडवात माइक असतो. तिथे कुणाला कळत नाही. कळले तरी चालेल.

अशी पहिली पेटी शिरूर अनंतपाळच्या महिला भजनी मंडळातल्या विठाबाईंनी नेली. महिन्याने भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "बाई, आता पेटी घिऊन देवळाच्या पायऱ्या चढते आन वर गेल्यावर गाते बी. आदी वर जाऊन नुस्ती धापा टाकत बसायची." माझ्या सगळ्या शिक्षकी आयुष्यात मला मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी.

दुसरी पेटी वर्षाराणीची होती.

तीन वर्षांपूर्वी माघ महिन्यात मंडळ इस्लापूरकडच्या एका गावी भजन स्पर्धेला निघाले. पेटीवर वर्षाराणी. तिची कंबर वर्षभर दुखत होती, डाव्या पायात कळ उतरत होती. चकती सरकली आहे, जड उचलायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. पाठीमुळे मला तेव्हा अंथरुणातून उठवत नव्हते, तरी रिक्षा करून मी तिची हलकी पेटी मंडळाच्या खोलीवर पोचवली. दत्तोपंतांनी ती उघडूनसुद्धा पाहिली नाही.

"हा काय पोळ्यांचा डबा आहे, इंदू? स्पर्धेला वडिलांची पेटी जाईल. मंडळाची इभ्रत असते."

"भाऊजी, तिला जड उचलायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"तिला कोण उचला म्हणतंय? चार गडी आहेत सोबत."

मामंजींची पेटी सागवानी, कोरीव, सुरांच्या तीन ओळींची. खोक्यात घातली की एका माणसाचे काम नाही. मामंजी गेल्यावर ती वाटणीत राघवेंद्रांकडे आली, मंडळाच्या खोलीवर फक्त ठेवलेली असे. हे मी कायद्यासाठी लिहीत आहे, कारण पुढे त्या पेटीचे मी काय केले ते येणार आहे.

चार गडी होते, हे खरे. पण जीप ओढ्याच्या अलीकडे थांबली, मांडव पलीकडे, आणि ते चौघे सतरंज्या व तबले घेऊन आधीच पुढे गेलेले. मंडळाचे नाव पुकारले गेले. दत्तोपंत वर्षाराणीला म्हणाले, "घे ना गं, एवढं तर अंतर आहे." तिने घेतली. ती पडली नाही, तिचा पाय घसरला नाही. स्टेजवर पेटी टेकवायला ती वाकली आणि कमरेत आतून काहीतरी सुटले, असे ती सांगते. मग दोन्ही मांड्या मुंग्या आल्यासारख्या झाल्या, आणि बसल्यावर आपण कशावर बसलो आहोत ते तिला कळेना.

तिने दत्तोपंतांना तसे सांगितले. ते म्हणाले, "चमक भरली असेल. वाजवून घे, मग मालीश करू."

तिने वाजवले. मंडळाचा दुसरा नंबर आला.

त्यानंतर तिला लघवी होईना. सगळे पुरुष, ती एकटी मुलगी. हे कुणाला सांगणार? पाय उचलत नाहीत, एवढे ती सांगत राहिली. बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी होता, तो आटोपूनच जीप निघाली. नांदेडच्या दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि विचारले, "काल का आणलं नाही?" मणक्यातली चकती फुटून खालच्या सगळ्या नसा एकदम दाबल्या गेल्या होत्या. अशा वेळी तासातासाला फरक पडतो म्हणे. ऑपरेशन झाले. पाय परत आले नाहीत.

मी नांदेडला पोचले तेव्हा शेषेराव व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "बाई, पोतं उचलून मानूस मोडलं तर समजतंय. माज्या भावाचं मोडलं. पर गानं करून कसं काय मोडलं वो माजं लेकरू?"

पुढच्या वर्षी शेषेराव हृदयविकाराने गेले. तिची आई साखराबाई तिला रोज उचलते, आणि आता साखराबाईंचीही कंबर दुखते.

मंडळाच्या बैठकीत दत्तोपंत म्हणाले, "मुलगी आधीपासून आजारी होती. तिनं तसं सांगायला पाहिजे होतं." मी उठून म्हणाले, "तिनं सांगितलं होतं. मीही सांगितलं होतं. तुमच्या तोंडावर." बैठकीचा विषय बदलण्यात आला. दत्तोपंत तिला भेटायला आजपर्यंत गेलेले नाहीत.

कलम ३. मामंजींची पेटी. ती आता पेटी राहिलेली नाही. मी ती मंडळाच्या खोलीवरून आणवली आणि चन्नबसप्पांपुढे ठेवली. त्यांनी झाकण उघडले, भाता दाबला, एक स्वर धरला आणि हात मागे घेतला. म्हणाले, "ब्याड, अक्का. नको. अशी पेटी आता व्हनार न्हाई. हिला खोलायचं पाप माज्या हातनं नको."

मी म्हटले, "चन्नबसप्पा, पेच मी काढते. तुम्ही नुसते सूर सांभाळा."

दुखत्या पाठीने मी जमिनीवर बसले आणि एकेक पेच काढला. मला वाईट वाटले नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल. मामंजींनी याच पेटीवर मला पहिली साथ शिकवली होती. त्यांचे जुने पितळी सूर, निवडक दोन ओळी, चन्नबसप्पांनी शिवणीच्या नव्या हलक्या पेटीत बसवले. ती पेटी मी वर्षाराणीला माझ्या हयातीतच दिली आहे. ती चाकांच्या खुर्चीत, फळीवर ठेवून वाजवते. धड सावरायला कमरेला पट्टा बांधावा लागतो आणि अर्ध्या तासाने थांबावे लागते. तेवढा अर्धा तास ऐकण्यासारखा असतो. त्या पेटीवर कुणी हक्क सांगू नये.

कलम ४. मामंजींच्या पेटीचा रिकामा सागवानी सांगाडा, कोरीव झाकण आणि लोखंडी कोपऱ्यांचे खोके माझ्या मधल्या खोलीत आहे. "वडिलांची पेटी मला हवी" असे दत्तोपंत नेहमी म्हणतात. ती त्यांना द्यावी. अट एवढीच की त्यांनी स्वतः घरी यावे आणि ती स्वतःच्या हाताने उचलून रिक्षापर्यंत न्यावी. हमाल नको, मंडळातला कुणी नको, विद्यार्थी तर नकोच. त्यांचे वय मला माहीत आहे. उचलणे जमत नसेल तर त्यांनी वर्षाराणीसमोर बसून "मला हे जड होतं" एवढे तोंडाने म्हणावे. तेवढे म्हटल्यावर खोके त्यांच्या घरी पोचवावे. म्हणणार नसतील तर त्याचे लाकूड चन्नबसप्पांना द्यावे. त्यांना ते कामाचे आहे.

याखेरीज दत्तोपंतांना मी काहीही देत नाही. हे विसरून राहिले असे कुणी समजू नये.

कलम ५. माझी हत्यारे, शिवणीच्या फळ्या, पिशवीचे व चौकीचे बेतलेले पुठ्ठे चन्नबसप्पांना. ही रचना त्यांची आणि माझी आहे, पण आम्ही ती कुणापासून झाकलेली नाही. पाहायला येईल त्याला त्यांनी ती उघडून दाखवावी. मृदंग-पखवाज वाजवणाऱ्यांसाठी रुंद, दोन्ही खांद्यांवरचा पट्टा अर्धवट राहिला आहे. तो चन्नबसप्पांनी पुरा करावा आणि पहिला पट्टा शेषेरावांच्या गावच्या भजनाला द्यावा.

कलम ६. माझी तिरडी कुणी खांद्यावर घेऊ नये. नगरपालिकेची गाडी बोलवावी. माझ्या ओळखीच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत धड पाठीची माणसे फार थोडी आहेत, आणि ती मला उचलण्यात वाया जाऊ नयेत. स्वरोपासना मंडळाने माझी शोकसभा घेऊ नये.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. अण्णाराव पाटील, लातूर, यांनी करावी. यापूर्वीचे माझे कोणतेही लेखन असल्यास ते रद्द समजावे.

कागद वाचून दाखवताना आज सकाळी जे झाले, तेही इथे नोंदवते. साक्षीला शेजारचे हणमंतराव होते, डॉ. श्रद्धा होती, ती शाळेत माझ्या हाताखाली शिकलेली. वर्षाराणीला तिच्या आईने रिक्षाने आणले होते. ती साक्षीदार नाही, नुसती ऐकायला होती. श्रद्धाने मी शुद्धीवर असल्याचा दाखला लिहिण्याआधी मला वार विचारला, घरच्यांची नावे विचारली. मग पेन थांबवून म्हणाली, "बाई, विचारावं लागतंय. कोर्टात ते म्हणतील, रागाच्या भरात लिहिलं. राग आहे का तुम्हाला?"

मी म्हणाले, "आहे. फार आहे. पण तो कुणाच्या नावे करता येत नाही, म्हणून माझ्याबरोबर जाईल."

वर्षाराणी त्या दिवसापासून आजतागायत एका शब्दाने रागावलेली मी पाहिलेली नाही. नांदेडला नाही, वडील गेले तेव्हा नाही. सगळे तिला सोशिक म्हणतात. ती खुर्चीतून म्हणाली, "बाई, घर दिलं, पेटी दिली. राग बी मलाच द्या. तुमी कशाला घिऊन जाऊ लागलात? माजा हाय तो."

साखराबाईंनी तोंडाला पदर लावला. श्रद्धाने दाखला पुरा लिहिला. मी वर्षाराणीला म्हणाले, "हाव. तुझाच आहे." आता सही करते.

वर लिहिलेले सर्व मला वाचून दाखवले, समजले, मान्य आहे.

सही: इंदू राघवेंद्र औरादकर

लिहून देणारीने आम्हा दोघांच्या देखत, शुद्धीवर असताना सही केली व आम्ही तिच्या देखत सह्या केल्या:

साक्षीदार १: डॉ. श्रद्धा मुळजकर, लातूर
साक्षीदार २: हणमंतराव काळे, निवृत्त पोस्टमास्तर, लातूर

ठिकाण: लातूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५, रविवार