आत्याबाईंचा नेम

ती. आत्याबाई,

‘प्रिय’ लिहिणार होते, पण तुम्ही लगेच म्हणाला असतात, “पिरिय काय गं, मी काय तुझी मैतरीण हाय का?” म्हणून ती. लिहिलं. तुम्ही होतात तेव्हा कधी पत्र लिहायची वेळच आली नाही. एका घरात राहणाऱ्या सासू-सुना एकमेकींना कशाला पत्रं लिहितील! आज लिहितेय, कारण आज दुपारी एक गोष्ट कळली आणि तुमच्याशी भांडायचं आहे. आणि भांडायला तुम्ही नाही.

शकील सरांचा निरोप आलाय. जिल्ह्याच्या पिस्तूल स्पर्धेत माझं नाव द्यायचं की नाही, ते उद्यापर्यंत कळवायचं. मी सकाळीच फोनवर ‘नाही’ असं लिहून ठेवलं होतं. फक्त पाठवलं नव्हतं.

थकलेय हो आत्याबाई. दिवसभर वाळूजच्या कंपनीत भिंगाखाली सुटे भाग तपासायचे, उभ्यानं धक्के खात सिडकोत यायचं, आल्या आल्या परातीत पीठ घ्यायचं. रात्री पाठ टेकली तरी अंग आंबलेलंच असतं. तुम्ही होतात तेव्हा काय काम कमी होतं? तेवढंच होतं. मग तेव्हा का नाही मी अशी गळून गेले? या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे, तरी विचारतेय.

तुम्हाला आठवतं, हे पिस्तुलाचं खूळ माझ्या डोक्यात कसं शिरलं ते? शकील सरांच्या उन्हाळी शिबिराला घातलं होतं पूर्वाला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, आपल्या लेकीचे चारच झाले. पाचव्या दिवशी ती मैत्रिणीबरोबर बाहेर पाणीपुरी खात होती आणि मी आत बाकावर बसून तिची वाट बघत होते. शकील सर म्हणाले, “ताई, बैठे बैठे क्या करते? पकड़ के देखो.”

पकडलं. एवढं जड असेल असं वाटलंच नव्हतं! छर्रा कागदाला लागलाच नाही, मागच्या लाकडाला लागला. पण तो सुटायच्या आधी, श्वास धरून उभी असताना, मला कुणाचीच हाक ऐकू आली नाही. ना ‘आई’, ना ‘अगं’, ना ‘मॅडम’. लग्नानंतर पहिल्यांदा एवढं शांत वाटलं. बेचाळिसाव्या वर्षी बायका गुडघ्याला तेल चोळतात, आणि मी शकील सरांना विचारत होते, की उद्या येऊ का?

पिस्तूल रेंजवरच, सरांच्या सरावाच्या जागीच, ठेवायचं. घरी काय करायचं, तर तेवढ्या वजनाचं काही तरी हातात धरून, भिंतीवरच्या काळ्या ठिपक्याकडे हात लांब करून उभं राहायचं. मी स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता उचलला. ठिपका म्हणून आतल्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर, एक काळी टिकली चिकटवली. रोज सकाळी सहाला दार लोटून घ्यायचं आणि टिकलीवर बत्ता रोखून उभं राहायचं, एवढाच सगळा सरंजाम.

आणि तुम्ही दाराच्या फटीतून बघितलंत! त्याच दिवशी फोनवर मी सरांना सांगताना ऐकलंत, “हो सर, रोज सकाळी नेम धरते.” झालं. भिंतीवरच्या टिकलीसमोर सून सकाळी सकाळी मौन धरून, हात पुढे करून उभी राहते, आणि वर स्वतःच्या तोंडानं म्हणते की नेम धरलाय. तुम्हाला वाटलं, मी कुठल्या तरी देवाचा नेम धरला.

मग काय विचारता! खोलीबाहेर तुमचा पहारा बसला. तुमच्या चिरंजीवांनी “अगं, माझे मोजे—” म्हणायचा अवकाश, तुमचा आवाज यायचा, “नेमात हाय ती. गप ऱ्हा.” पूर्वाची वेणी तुम्ही घातलीत. कूट करायला बत्ता हवा असला तरी माझं होईपर्यंत शेंगदाणे घेऊन दाराबाहेर बसायचात. आणि ज्या दिवशी नळाला पाणी आलं! आपल्या शहरात पाणी आलं म्हटल्यावर माणूस देवपूजा सोडून धावतं. तुम्ही सत्तरी ओलांडलेल्या, पण सगळे ड्रम एकटीनं भरलेत आणि मला हाक मारली नाहीत. मी बाहेर आले तर पदर ओला, गुडघ्यावर हात, आणि वर मलाच विचारलंत, “नीट झाला नव्हं नेम?”

शेजारच्या रुखसाना भाभींनी घोळ केला. तुम्हाला खाला म्हणजे मावशी म्हणायच्या त्या; सरळ विचारलं, “खाला, कौनसे देव का नेम है?” तुम्हाला सांगता येईना. तशाच आलात माझ्याकडे.

“कोन्या देवाचा गं? सोमवारचा का शनवारचा?”

“देवाचा नाही हो आत्याबाई. पिस्तुलाचा नेम. निशाणा.”

तुम्ही मटकन खाली बसलात. “बंदूक? कुनाला मारायचंय तुला?”

“कागदाला.”

“कागदानं काय केलंय तुझं?”

मी हसले. तुम्ही नाही हसलात. मला वाटलं, संपलं आता हे. दुसऱ्या दिवशी सहाला मी मुकाट्यानं चहाचं आधण ठेवलं, तर तुम्ही बत्ता घेऊन समोर उभ्या.

“का गं? नेम मोडलास व्हय?”

“अहो, पण तो तसला नेम नाही ना.”

“नेम तो नेम. धरला की धरला. देव काय अन् कागद काय. जा.”

तुम्हाला शाळा ठाऊक नव्हती. कन्नडजवळच्या त्या गावातून मामंजी गेल्यावर इथं आलात, तेव्हा जिन्याला सुद्धा बिचकायचात. पण त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते मला आईनं, नवऱ्यानं, कुणीच कधी म्हटलं नव्हतं. नव्हतंच म्हटलं.

मग तो खिसा! मोकळा हात लोंबकळत ठेवायचा नसतो, खिशात घालायचा असतो, म्हणजे अंग हलत नाही. माझ्या एकाही कुर्त्याला खिसा नाही. मी सहज बोलून गेले, आणि रविवारी उठून बघते तर कुर्त्याला डाव्या बाजूला तुमच्या जुन्या हिरव्या लुगड्याचा खिसा. एवढा खोल की कोपरापर्यंत हात आत जाईल. “नेमाला लागतो म्हनलीस नव्हं?” शकील सरांनी बघितला आणि म्हणाले, “ताई, इसमें तो पूरा घर आ जाएगा.” मी तो उसवून लहान केला नाही. आजही तसाच आहे.

तुमची थट्टाही आठवते. मला एकटा डावा डोळा मिटता येत नव्हता. मी आरशासमोर सराव करत होते, आणि मागून तुमचे चिरंजीव आले आणि म्हणाले, “कुणाला डोळा मारतेस?” तुम्ही बाहेरून ओरडलात, “तिला एक डोळा मिटाया शिकावा लागतो. माझा बघ, मोतीबिंदूनं आयताच मिटलाय. खरा नेम मलाच जमंल!” सगळे हसलो. मला काय माहीत, तुम्ही खरंच बोलत होतात!

हळूहळू जमायला लागलं. सर सांगायचे, “काला नक्को देखो ताई, मक्खी देखो.” मक्खी म्हणजे पिस्तुलाच्या टोकावरची बारीक खूण. ती स्वच्छ दिसली पाहिजे, समोरचं काळं वर्तुळ धूसर झालं तरी चालतं. जवळचं नीट बघ, लांबचं आपोआप होतं. छर्रे काळ्यात बसू लागले. दिवाळीच्या आधी सर म्हणाले, हिवाळ्यानंतर तुमचं नाव देऊ.

आणि दिवाळी झाली तशी माती झाली. माझे सगळे छर्रे खाली जाऊ लागले. डावीउजवीकडे नाही, फक्त खाली. मी पिस्तुलाला दोष दिला. सरांनी त्याच पिस्तुलानं मारून दाखवलं, मधोमध. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं! सरांनी माझ्या खांद्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, “हाथ थक गया ताई आपका.”

तेवढ्यात तुम्ही आजारी पडलात. छातीत कफ, ताप, दवाखाना. नळ्या लावलेल्या, बोलायला दम नाही, तरी सकाळी मला बघून विचारलंत, “नेम झाला का?”

“नाही आत्याबाई.”

“मंग हितं काय करायलीस?” रागावलात! ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून रागावलात.

पाचव्या दिवशी गेलात. समाचाराला येणारा जो तो तेच म्हणत होता, “माणसाचा काही नेम नाही.” तो शब्द आला की मी उठून आत जायचे. कुणाला काय सांगणार?

त्यानंतरची सकाळ कशी असते, ऐका. मी दार लोटते, बत्ता उचलते. बाहेरून हाक येते, मोजे. मग डबा. मग गॅस संपला. तुमचे चिरंजीव वाईट नाहीत हो, त्यांना दाराबाहेरून विचारायची सवय आहे, आणि त्यांना गप करणारं दारात कुणी नाही. कधी पाच मिनिटं उभी राहते, कधी तेवढीही नाही. रेंजवर गेले की छर्रे खालीच. महिनोन्‌महिने खाली. मी मनाशी म्हटलं, बाई, तू संपलीस. सर म्हणाले तेच खरं, हात थकला. एवढं थकल्यावर कुणाच्या स्पर्धा आणि कसलं काय! म्हणून तो ‘नाही’.

आता भांडणाचं सांगते.

आज सुट्टी म्हणून मी घरी होते, आणि दुपारी रुखसाना भाभी बत्ता मागायला आल्या. मी हातात दिला, तर तो घेऊन तशाच उभ्या राहिल्या आणि डोळे भरून आले. म्हणाल्या, “खाला रोज दोपहर कू इसकू पकड़ के खड़े रैते थे.”

मला कळेचना. “कुठे?”

“अंदर. दीवार के सामने. दिवाली की सफ़ाई के टैम से. मेरे कू बोले, सुनेला नक्को बोल, हसंल मला.”

मी कामावर, पूर्वा शाळेत, आणि तुम्ही भिंतीसमोर बत्ता धरून! भाभींनी म्हणे विचारलं होतं, खाला, ये काहे कू? तर तुम्ही म्हणालात, “येकटीला नेम जड जातो. दोघींनी धरला की हलका व्हतो. मी काय कुटं जात नाय मारायला. माझ्या नेमाचं फळ तिला.”

मी आत गेले. टिकलीसमोर उभी राहिले. आणि आत्याबाई, ती टिकली माझ्या डोळ्यांसमोर नव्हती, माझ्या हनुवटीखाली होती. तिच्या वर वीतभर अंतरावर भिंतीला गोंदाचा एक गोल डाग, धूळ धरून काळा पडलेला. माझी टिकली तिथं होती. दिवाळीच्या आवराआवरीत भिंत पुसताना ती निघाली असणार, आणि तुम्ही दुसरी लावलीत. मामंजी गेल्यापासून टिकलीच्या पाकिटाला तुम्ही बोट लावलं नव्हतं. तेच पाकीट उघडलंत, आणि टिकली लावलीत ती तुम्हाला दिसेल तिथं, तुमच्या बुटक्या उंचीवर.

आणि मी, कंपनीत केसाएवढा फरक पकडणारी बाई, रोज सकाळी त्या टिकलीवर हात रोखत होते. हाताला तिथंच थांबायची सवय लागली. हात थकला म्हणून खाली जात नव्हता आत्याबाई. तो तुमच्या नेमावर जात होता.

सांगायचं ना हो! कशाला लपवलंत? हसले असते, खरंच हसले असते, आणि मग दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिलो असतो. बत्ता एकच होता, हे खरं. आलटून पालटून धरला असता. मला एकदा तरी बघायचं होतं तुम्हाला तसं, पदर खोचलेला, एक डोळा मिटलेला, श्वास धरलेला. ते भाभींना दिसलं आणि मला नाही. याचा राग यायला नको? आलाय. फार आलाय, आणि त्याच रागात भिंतीला कपाळ टेकून रडून झालंय.

थकवा गेला असं समजू नका. तो एका दुपारीत जात नाही. उद्याही बस आहे, भिंग आहे, कणीक आहे. पण तो ‘नाही’ मी फोनवरून पुसला आणि सरांना माझं पूर्ण नाव लिहून पाठवलं. गोंदाच्या डागावर माझी नवी टिकली लावली. तुमची काढलेली नाही. घराला रंग देतील तेव्हाही तेवढी जागा सोडायला लावीन, मग तुमचे चिरंजीव मला वेडी म्हणोत.

आणि संध्याकाळी जेवताना, पहिल्यांदाच, ते वाक्य मी स्वतःच्या तोंडानं म्हटलं. इतके दिवस माझ्या वतीनं तुम्ही म्हणत होतात. “उद्यापासून सकाळी माझा नेम आहे. मला कुणी हाक मारायची नाही.” बापलेक माझ्याकडे बघतच राहिले. मग पूर्वा अगदी तुमच्या आवाजात म्हणाली, “नेमात हाय ती. गप ऱ्हा.”

स्पर्धेला तो हिरवा खिसाच घालून जाईन. दहाच्या वर्तुळाला लागेल, एकाच्या लागेल की पुन्हा मागच्या लाकडाला, त्याचा काही नेम नाही. पण नेम मोडणार नाही, आत्याबाई. एवढा शब्द घ्या.

तुमची सून,
रेखा