माझा खालचा सूर

ताई,

पाया लेबारला झालेल्या आपल्या बँडच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाहिला. माझा तिथे परदेशात राहण्याचा पास संपला, मी पुण्याला परतले, आणि तू माझा खालचा सूर चक्क लॅपटॉपवरून वाजवलास? सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये तो मी फक्त तुझ्या सरावासाठी रेकॉर्ड केला होता. एकाच माईकसमोर, एकमेकींचा श्वास बघून गायचो आपण! निदान विचारायचंस तरी.

खरा संताप पुढेच आला. शेवटच्या कडव्याआधी तू सवयीने डावीकडे वळलीस, मान हलवलीस आणि माझ्यासाठी थांबलीस. रेकॉर्डिंग थांबलं नाही. सगळ्यांसमोर तू मागे पडलीस.

इथे मोबाईलसमोर मी मात्र श्वास धरून तुझ्यासाठी थांबले होते.

हे पाठवणार नाहीये.

तुझ्याशी न बोलणारी,
उल्का